मिरगाच्या आधी उतरवायचा टायर

ट्रॅकवर जाणाऱ्या बाइकला कुठला टायर टाकावा, याचं उत्तर इथून सुरू होतं: कोकणात रेस ट्रॅक नाही. रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्गाने उतरत या, वळणं मनसोक्त मिळतील. आरे-वारेला समुद्र बाजूला घेऊन रस्ता वळतो, आंबोलीत तर सरळ रस्ता शोधावा लागतो. पण समोरून एसटी येणार नाही, वळणापलीकडे गुरं बसलेली नसतील, आणि हिशेब चुकलाच तर बाजूला दरीऐवजी मोकळी माती असेल, असा डांबराचा एक तुकडा या पाच-सातशे किलोमीटरच्या पट्टीत नाही. ज्याला बाइक खरोखर वेगात चालवायला शिकायची आहे त्याला कोकण सोडून बाहेर जावं लागतं, आणि मी हे दरवेळी ठासून सांगतो, कारण घाटालाच ट्रॅक समजून घाटातच राहिलेली पोरं या जिल्ह्यात कमी नाहीत.

आमच्याकडून जायच्या वाटा दोन. एक, आंबोली चढून बेळगाव, मग हुबळी-दावणगेरे-बंगळूर करत चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. १९९० साली सुरू झालेला, ३.७ किलोमीटरचा, १२ वळणांचा, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने उभा केलेला. दुसरी वाट कुडाळच्या दारातून जाणारा ६६ नंबरचा महामार्ग. तो धरून कारवार, मंगळूर, कोझिकोड असं समुद्राच्या कडेकडेने खाली जायचं आणि पालघाटच्या खिंडीतून कोइमतूरला पोचायचं. तिथला कारी स्पीडवे २.१ किलोमीटरचा, आखूड आणि वळणावळणाचा. तो २००३ पासून आहे आणि एस. करिवर्धन यांच्या नावाने ओळखला जातो. भारतात रेसिंग कार स्वस्तात बांधता येतात हे ज्यांनी दाखवलं, ते हे करिवर्धन. दिल्लीकडचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, पण आमच्यासाठी तो फारच लांब.

हा भूगोल आधी मांडला, कारण टायरचा प्रश्न त्यातूनच निघतो. चेन्नईतला मुलगा संध्याकाळी घरी जाऊन टायर बदलू शकतो. कुडाळच्या किंवा वेंगुर्ल्याच्या मुलाचा टायर ट्रॅकवर फिरतो, आधी महामार्ग आणि घाट कापतो, आणि परत आल्यावर मासळी बाजाराच्या रस्त्यावरूनही जातो. "दादा, ट्रॅकला कुठला टायर टाकू?" असं कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न असतो, "बाइक टेम्पोत घालून नेणार की चालवत?" निम्मं उत्तर तिथेच ठरतं.

वळणात बाइक ४५ अंश कलंडलेली असते तेव्हा तिच्या नि तुझ्या मिळून वजनाइतकंच बल टायरवर आडवं पडत असतं. उभं वजन आणि आडवं बल मिळून टायरचा सांगाडा जवळपास १.४ पट ओझं पेलत असतो. हे सगळं रस्त्याला टेकलेल्या रबराच्या दोन तुकड्यांवर, आणि त्यातला एकेक तुकडा तळहातापेक्षा लहान. चेन, एक्झॉस्ट, क्विकशिफ्टर यांच्यावर पैसे घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण बाइकने केलेली प्रत्येक गोष्ट शेवटी त्या दोन तुकड्यांतून रस्त्यापर्यंत जाते.

आणि ते तुकडे गार असतील तर धरत नाहीत. टायर निवडण्यातला कळीचा मुद्दा हाच आहे असं माझं ठाम मत आहे. कुठला टायर चांगला, यापेक्षा कुठला टायर तुझ्याच्याने तापेल, हे आधी बघायचं. प्रत्येक कंपाउंडला, म्हणजे टायरच्या रबराच्या मिश्रणाला, तापमानाचा एक पट्टा असतो. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स टायरचा पट्टा खालून सुरू होतो, दोन-चार वळणांत तो कामाला लागतो. रेसच्या कंपाउंडचा वर असतो, म्हणून शर्यतीत टायरना आधी गरम पांघरुणं घालून ८० अंशांच्या आसपास आणतात आणि मगच ट्रॅकवर सोडतात. घावन घालताना तवा गार असला तर पीठ चिकटतं, फार तापला तर जाळी पडायच्या आत करपतं. टायरचंही नेमकं तसंच, फक्त इथे तवा आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही.

पट्ट्याच्या खाली राहिलेला रेस टायर साध्या टायरहून वाईट धरतो, हे नव्या मुलांना पटत नाही. महागडा, मऊ, गुळगुळीत, म्हणजे जास्त चिकटणारा असा त्यांचा सरळ हिशेब असतो. पण ३०० ते ४०० सीसीची हलकी बाइक, नवा रायडर, अर्धवट ब्रेक, हळू बाहेर पडणारं वळण, एवढ्यावर तो रबर तापणारच नाही. बाहेरच्या बाजूला फाटल्यासारखे दाणे उठतील, मागचा टायर ऐन वेळी सरकेल, आणि मुलगा म्हणेल की टायरच खराब होता.

रबर तापतं कशाने, हे मला पुस्तकापेक्षा दोडामार्गात जास्त समजलं. आमच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत रबराच्या बागा आहेत. बऱ्याचशा केरळहून आलेल्या शेतकऱ्यांनी लावलेल्या, आणि आता आपल्याकडच्या लोकांच्याही. ओळखीच्या एका बागेत मी पहाटे गेलो होतो. उजाडायच्या आतच काम सुरू होतं, कारण ऊन चढलं की चीक आटतो. टॅपर झाडाच्या सालीवर तिरका, जेमतेम नखाच्या जाडीचा काप घेतो. सुरी खोल गेली तर झाड दुखावतं, वरवर राहिली तर चीक येत नाही. कापाच्या खालच्या टोकाला पत्र्याची पन्हळ, तिच्याखाली बांधलेली वाटी, आणि दुधासारखा पांढरा चीक थेंबथेंब त्यात. त्यातलं निम्म्याहून जास्त पाणीच. पुढे फॉर्मिक ॲसिड घालून तो थिजवायचा, रुळांतून काढून शीट करायचे आणि धुरावर वाळवायचे. दांडीवर टांगलेले ते तपकिरी शीट प्रकाशात धरले तर आरपार उजेड दिसतो.

आदल्या दिवशीच्या कापावर सुकलेली रबराची एक पट्टी तिथल्या माणसाने सोलून माझ्या हातात दिली. ती झटक्यात ताणून लगेच ओठाला लावायची. गरम लागते. तशीच ताणून धरायची, निवू द्यायची आणि एकदम सैल सोडून पुन्हा लावायची. आता गार लागते. नैसर्गिक रबराची ही खोडच आहे. ताणायला जेवढी शक्ती लागली, तेवढी ते जवळजवळ सगळी परत देतं. म्हणूनच बागेतली पोरं त्या सुकलेल्या चिकाचे चेंडू करतात आणि ते चेंडू डोक्यावरून उडतात.

ट्रॅकच्या टायरच्या पृष्ठभागाला नेमकं याच्या उलट रबर लागतं. डांबरातला एकेक खडा रबरात रुततो, रबर दबतं, आणि पुढच्या क्षणी ते लगेच उसळून परत आलं तर पकड मिळत नाही. ते जरा उशिराने परत यायला हवं. म्हणजे दिलेली शक्ती त्याने गिळायला हवी, आणि ती गिळलेली शक्तीच उष्णता होऊन टायर तापवते. त्यासाठी स्टायरीन-ब्युटाडाइनसारखं सिंथेटिक रबर, ताकदीला कार्बन ब्लॅक, ओल्या रस्त्यावरची पकड वाढवायला सिलिका, शिवाय रेझिनं आणि तेलं. झाडाचं रबर कमी तापतं आणि पटकन सावरतं, म्हणून त्याची खरी जागा आत, टायरच्या सांगाड्यात. दोन्ही रबरं बांधून ठेवतं ते गंधक, १८३९ साली चार्ल्स गुडइयरच्या हाती लागलेली युक्ती. बागेतल्या त्या दिवसापासून ट्रॅकवर झिजलेल्या टायरवर मी अंगठ्याचं नख दाबून बघतो. टायर ऊबदार असेल तर खूण हळूहळू भरून येते. चार-सहा महिने वापरलेल्या, अनेकदा तापून निवलेल्या रेस टायरवर खूण पडतच नाही. नक्षी शिल्लक असते, पण रबर संपलेलं असतं. रस्त्याचा टायर झिजून जातो. रेसचा टायर मात्र प्रत्येक तापण्या-निवण्याबरोबर थोडा कडक होत जातो आणि खोली शिल्लक असतानाच निकामी होतो. मित्राने फुकट दिलेला अर्धा वापरलेला रेस टायर घेऊन ट्रॅकला निघालेल्यांना मी म्हणूनच थांबवतो.

आता बाजारातल्या टायरांबद्दल. मोठ्या बाइकांचे शर्यतीकडे झुकलेले टायर, उदाहरणार्थ पिरेलीचा सुपरकोर्सा, दोन रूपांत येतात. एसपी रस्त्याला जवळचं, एससी ट्रॅकला जवळचं, आणि एससीमध्ये पुन्हा आकड्यांनी कंपाउंड, आकडा लहान तितकं ते मऊ. पिरेलीचा डियाब्लो रोसो, मेट्झेलरचा स्पोर्टेक, मिशेलिनचा पॉवर ही सगळी रस्त्यावरच्या स्पोर्ट्स टायरांची घराणी, यांच्यातल्या बऱ्याच टायरांत मधला पट्टा कडक आणि कडा मऊ असतात. आपल्याकडचे अपोलोचा अल्फा एच १ किंवा एमआरएफचा स्टील ब्रेस हेही रेडियल आहेत, म्हणजे आतले दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ घातलेले, आणि पहिल्या-दुसऱ्या ट्रॅक डेला, म्हणजे हौशी रायडरांना ट्रॅकवर चालवायला मिळतं त्या दिवशी, जो मुलगा देशी रेडियलवर येतो त्याला मी हसत नाही, उलट शाबासकी देतो. जून २०२० पासून नव्या टायरांच्या आयातीला परवाना लागतो, त्यामुळे परदेशी टायर हवा तेव्हा हव्या मापात मिळेल याचा भरवसा उरलेला नाही. त्यातून दुकानात पडून राहिलेला जुना माल नवा म्हणून गळ्यात मारला जातो, त्यावर पुढे येतोच.

माझी निवड वर्षानुवर्षं रस्त्यावरच्या स्पोर्ट्स रेडियलचीच राहिली आहे, दोन कंपाउंडवाल्या. कारणं कोकणाची आहेत. मी बहुतेकदा चालवत जातो. ६६ नंबरवर तास न् तास सरळ चालवलं की टायरचा मधला भाग सपाट होत जातो, आणि ट्रॅकवर बाइक कलंडवताना त्या सपाटीच्या कडेवर एक ठेच लागते, बाइक आधी अडते आणि मग एकदम कलंडते. सगळा टायर मऊ असेल तर ही सपाटी कोझिकोडच्या आधीच आलेली असते. मधला पट्टा कडक असला तर कडा ट्रॅकसाठी शिल्लक राहतात. दुसरं कारण आंबोली. हिवाळ्यातसुद्धा पहाटे तिथे धुकं उतरतं, झाडांखालचा रस्ता ओला, कडेला शेवाळ. जिथे वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथलं शेवाळ जानेवारीत पूर्ण वाळत नाही. जेमतेम चार खाचा कोरलेला, गार रेस टायर त्या वळणांवर घेऊन जायला मला कुणी पैसे दिले तरी मी तयार होणार नाही.

आणि मासळीचं पाणी. मालवण, वेंगुर्ला, मिरकरवाडा, कुठल्याही बंदरातून निघणाऱ्या गाड्यांतून बर्फाचं, खवल्यांचं पाणी रस्त्यावर गळत जातं. वळणावर आणि चढावर जास्त. बाहेरच्या माणसाला तो नुसता ओला रस्ता वाटतो. त्यात चिकट स्निग्धपणा असतो आणि त्यावर कुठलंच कंपाउंड चालत नाही. ट्रॅकचा टायर असो की नसो, तिथे बाइक उभी ठेवूनच जायचं.

मापाच्या बाबतीत मी कडक आहे. कंपनीने १४०/७० दिलेल्या बाइकला १५० किंवा थेट १६० चढवायची हौस आमच्याकडे फार. टायरवरचा पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा, त्या रुंदीच्या किती टक्के उंची. १४० चे ७० टक्के म्हणजे ९८ मिलिमीटर. १५० चे ६० टक्के म्हणजे ९०. रुंद टायर घेतला म्हणून बाइकचा मागचा भाग ८ मिलिमीटर खाली गेला, पुढचा फोर्क तेवढा मागे कलला, आणि वळणात शिरायला बाइक आळशी झाली. रिम अरुंदच असली तर टायरच्या कडा आत ओढल्या जाऊन त्याचा माथा टोकदार होतो आणि विकत घेतलेली रुंदी डांबराला धड लागतही नाही. ट्रॅकसाठी कंपनीच्या मापाला चिकटून राहावं. पुढे लिहिलेलं आर किंवा झेडआर रेडियलचं. तिथे नुसती आडवी रेघ असेल तर टायर बायस-प्लायचा, म्हणजे आडवेतिडवे दोरे घातलेला, जो जास्त तापतो आणि वेगात आकार सोडतो. वेगाचं अक्षरही बघावं. एस ताशी १८० किलोमीटरपर्यंत, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०.

यानंतर हवा. कुठला टायर घेतला यापेक्षा त्यात हवा किती ठेवली याने ट्रॅकवर जास्त फरक पडतो, असं मी म्हणेन. बंद टायरात तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. ट्रॅकवर टायर थंड असताना ३० अंशांचा असेल आणि सेशन, म्हणजे ट्रॅकवरची एक पाळी, संपताना ६०-६५ चा, तर ४-५ पीएसआय वाढलेच. रस्त्यावरच्या दाबाने आत गेलो तर बाहेर येताना टायर फुगलेला, टेकणारा तुकडा आक्रसलेला, मधोमध तापलेला आणि कडांना निसरडा. म्हणून आधी दोन-तीन पीएसआय कमी करून जायचं, बाहेर आल्या आल्या, हेल्मेट काढायच्या आधी गरम दाब मोजायचा आणि त्यावरून पुढच्या सेशनचा थंड दाब ठरवायचा. फार कमी केला तर टायर स्वतःतच मुरगळतो, आणखी तापतो, आणि बाइक वळणात डोलते. परतीच्या प्रवासाला निघताना हवा पुन्हा भरायची, सामान लादलेलं असतं तेव्हा तर विसरूच नये.

दाब किती महत्त्वाचा, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण मार्च २०२५ मधलं, थायलंडच्या बुरिरामचं. मोटोजीपीत, म्हणजे बाइकांच्या सर्वांत वरच्या जागतिक शर्यतींत, पुढच्या टायरचा दाब १.८ बारच्या (साधारण २६ पीएसआय) खाली ठेवून शर्यतीचा बराचसा भाग पळणाऱ्याला दंड होतो. मार्क मार्केझ आरामात पुढे होता. पुढे असल्यामुळे समोरून स्वच्छ गार वारा, टायर हवा तेवढा तापेना, दाब वर येईना. त्याने काय केलं, तर वेग कमी करून भाऊ ॲलेक्सला पुढे जाऊ दिलं, बराच वेळ त्याच्या मागे त्याच्या गरम हवेत राहिला, दाब वर आणला, शेवटी पुन्हा पुढे जाऊन शर्यत जिंकला. जगातला सर्वांत वेगवान माणूस पहिला नंबर सोडून टायर तापवायला मागे जातो. आपण पिटमध्ये दोन मिनिटं वाकून गेज लावायला कंटाळा करतो.

ते वाकणं मला तर फार आवडतं. सेशन संपतं, पॅडॉक स्टँडवर बाइक चढते, आणि मी मागच्या टायरच्या बाजूला बसतो. चेन्नईला मार्चमध्ये डांबर पन्नाशी ओलांडतं, टायरला हात लावला तर तो चटकन मागे येतो. कडेला रबराच्या बारीक गोळ्या चिकटलेल्या असतात, ट्रॅकवरून गोळा झालेल्या, त्या नखाने काढायच्या. खालचा पृष्ठभाग बघायचा. बारीक, सारख्या सुरकुत्या, किंचित निळसर झाक, म्हणजे ठीक चाललंय. खाचेच्या एका कडेला रबर उभं राहिलंय आणि दुसऱ्या कडेला खचलंय, तर सस्पेन्शनचं परत येणं बघायला हवं. खोल ओरबाडे आणि आतून चमकणारं तेलकट काळं, म्हणजे टायर पट्ट्याच्या वर गेलाय. उरलेला वेळ आरामात चालव, नाहीतर थांब. ओरबाडे उथळ आणि कोरडे, दाणेदार, म्हणजे तो तापलाच नाही. बोट फिरवताना एका दिशेने मऊ लागतं आणि उलट फिरवलं की खरखरतं. त्या खरखरीवरून गॅस कुठे लवकर उघडला गेला हे समजतं. शेजारचा लॅपटाइम बघत असतो, मी टायर वाचत असतो, आणि मला त्यातून जास्त सापडतं.

कुडाळात ज्यांच्याकडे मी टायर बसवतो ते काका बसची चाकं उतरवत मोठे झाले. बाइकच्या रेडियलवर त्यांचा आधी विश्वास नव्हता. टायर हातात घेऊन त्याची कड दाबत त्यांनी विचारलं होतं, "अरे, इतको मऊ टायर? ह्यो हयल्या रस्त्यार पाच म्हयने तरी टिकतलो काय?"

"काका, टिकवूक नाय घेतलंय, धरूक घेतलंय."

"आणि पावसात काय करतलस?"

तो प्रश्न अगदी बरोबर होता. आता तर टायर आला की काकाच पहिल्यांदा टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे शोधतात. १५२४ म्हणजे २०२४ चा पंधरावा आठवडा. दोन वर्षांहून जुना टायर मी ट्रॅकला घेत नाही, कितीही चकचकीत दिसला तरी. चकाकी पॉलिशची असते. एका मोठ्या शहरातल्या दुकानाने मला साडेचार वर्षांचा टायर काळ्या पॉलिशमध्ये बुडवून "ताजा माल" म्हणून दाखवला होता, मी आकडे वाचून बाहेर पडलो. ताज्या टायरच्या बाजूंवर उलट कधी कधी तपकिरी झाक असते. ते आतून मेणाबरोबर वर येणारं रसायन, हवेतल्या ओझोनपासून रबराला वाचवणारं. ते पुसू नये.

समुद्राकाठच्या माणसाने आणखी एक गोष्ट बघायची, ती दुसरीकडचं कुणी सांगणार नाही. खारा वारा अलॉयच्या रिमला खातो. टायरची बीड, म्हणजे आतली कड, जिथे रिमला बसते त्या कडेवर पांढरी भुकटी धरते आणि तिथून हवा झिरपते. रोज एक-दीड पीएसआय जाते, पंक्चर काही सापडत नाही. टायर उतरला की काका ती कड बारीक पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करतात, फडक्याने पुसतात, साबणाचं पाणी लावतात, आणि मगच नवा टायर चढतो. टॉमी, म्हणजे टायर चढवायची सळई, लावताना रिमवर प्लॅस्टिकची पट्टी. टायरवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेला. वॉल्व्ह नवा, दरवेळी, कारण जुन्या वॉल्व्हचं रबर खाऱ्या हवेत भेगाळतं आणि ट्रॅकच्या वेगात वॉल्व्हला दगा द्यायची मुभा नाही. बॅलन्सिंगला मात्र मला बेळगावला जावं लागतं.

नवा टायर बसवून थेट ट्रॅकवर जाऊ नये. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर तो सांभाळून वापरायचा, कलंडणं हळूहळू वाढवत न्यायचं. कुडाळ ते आंबोली आणि परत, दुपारच्या उन्हात, रस्ता कोरडा असताना, माझ्यासाठी हे पुरतं.

माझं टायरांचं वर्ष पंचांगाने चालतं. नोव्हेंबर-डिसेंबरात तमिळनाडूत त्यांचा पाऊस असतो, म्हणून ट्रॅकचा टायर डिसेंबर संपताना चढतो. जानेवारी ते एप्रिल हा त्याचा काळ. मिरगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, तो उतरतो आणि पावसाळी, खोल खाचांचा, सिलिका जास्त असलेला टायर येतो. पहिल्या पावसात जांभ्याची लाल माती रस्त्यावर वाहून येते, तिच्यावर सुकलेल्या आंब्याच्या पानांचा थर. ट्रॅकच्या टायरची तिथे गरजच नाही. उतरवलेला टायर काळ्या कापडात गुंडाळून, आडवा न टाकता उभा, माजघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. पंपाच्या मोटरजवळ आणि इन्व्हर्टरजवळ तो कधी ठेवत नाही, विजेच्या ठिणग्यांतून ओझोन निघतो आणि रबराला तोच सर्वांत आधी चिरतो. आईला आधी हा प्रकार चमत्कारिक वाटायचा, आता तीच पाहुण्यांना "तो कोपरो टायराचो" म्हणून सांगते.

शेजारचा मुलगा या जानेवारीत पहिल्यांदा कोइमतूरला निघालाय. ३९० सीसीची बाइक, कंपनीचेच टायर, दीड वर्षाचे, मागच्यात निम्म्याहून जास्त नक्षी, कडा जवळपास कोऱ्या. तो नव्या टायरांसाठी वीस-बावीस हजार साठवून बसला होता. मी त्याला ते घेऊ दिले नाहीत. त्याच पैशांत चांगले हातमोजे, पाठीचा गार्ड आणि नवे ब्रेक पॅड येतात. त्या टायरच्या मर्यादेपर्यंत पोचायला त्याला पहिले दोन ट्रॅक डे तरी लागतील, आणि मर्यादा जवळ आली की टायर त्याला आधी कळवेल, कारण रस्त्याचा टायर सरकताना बराच आधीपासून कुरकुरतो, रेसचा टायर तेवढा वेळ देत नाही. काल संध्याकाळी दोन्ही चाकांचे आकडे त्याने स्वतः वाचले, रिमची कड बघितली, आणि माझा गेज मागायला आला. तो मी दिला नाही. त्याला स्वतःचा घ्यायला सांगितलं, डायलवाला, आणि पुढचे चार महिने तोच एक वापरायचा, कारण दोन गेज एकमेकांशी क्वचितच जुळतात आणि ट्रॅकवर आपल्याला आकड्यापेक्षा सकाळपासून झालेला फरक हवा असतो. आज तो कणकवलीला गेज आणायला गेलाय.